सप्रेकाकांना कुणी हटवलं?

हसायचं नाही, आधीच सांगते! बनारसला माझ्या हातून जे झालं, ते आठवलं की अजूनही चहाचा ठसका लागतो.

नव्वदच्या दशकाची अखेर. मी तिथल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात नुकतीच लागले होते. सगळ्या पोरांचे मार्क एका डेटाबेस सर्व्हरवर, आणि त्याला एका वेळी मोजकीच कनेक्शनं झेपायची. आणि आमची बनारसी मंडळी! कनेक्शन उघडं टाकून खुशाल पान खायला जायची. दिवसभर मला हाका, "बहनजी, किसी को हटाइए, जगह नहीं है!" की बसले मी एकेकाचं कनेक्शन हाताने तोडत.

वैताग हो नुसता! शेवटी मी ऑफिसच्या नेटवर्कवर एक वेब-पत्ता तयार केला. कुणाला सर्व्हर हवा असला की त्याच्या कॉम्प्युटरने आपोआप तिथे विचारायचं, "जागा आहे का?" नसली, तर माझा प्रोग्राम सगळ्यात जास्त वेळ गप्प बसलेल्याचं कनेक्शन तोडणार, वर त्याच्या स्क्रीनवर सूचनाही देणार. मी बोट लावायला नको! अशी खूश झाले की प्रोग्राम सुरू करून दिला आणि दुपारीच बाजारात हुंदडायला गेले.

संध्याकाळी घरी आले, तर आई दारातच. "अगं, सप्रेकाकांची नोकरी गेली!"

सप्रेकाका आमच्याच कॉलेजात मार्क भरायचे. अहिल्याबाई घाटामागच्या आमच्याच गल्लीत घर. एका बोटाने टाइप करणार, प्रत्येक आकडा पुन्हा पुन्हा ताडून बघणार. आता ना काका राहिले, ना त्या गल्लीत मराठी कानावर पडत. तर अशा देवमाणसाला, रिटायर व्हायच्या तोंडावर, काढलं?

धावत गेले. काकूंचा पदर डोळ्यांना. काका खिडकीशी सुन्न.

"जाऊ दे गं बाळ. मला एका शब्दाने विचारलं नाही, काही नाही. कॉम्प्युटरवरच कळवलं. मी आपला उठून आलो."

"जाऊ दे कसं? चला साहेबांकडे! मी बोलते!"

काकांना रिक्षात घातलं आणि थेट साहेबांचं घर गाठलं. काय तोंड सुटलं माझं! "सर, ज़िंदगीभर की सेवा का यही इनाम? जिसने किया है, उसको सामने बुलाइए!"

साहेब पार गोंधळले. "अरे, पर हटाया किसने? लिखा क्या था?"

काकांनी मान खाली घालून शब्दन् शब्द म्हणून दाखवला, "आप ख़ाली बैठे हैं. आपको हटाया जाता है."

अहो, हे तर माझंच वाक्य! सकाळी मीच मोठ्या झोकात टाइप केलेलं! काका बिचारे आकडा ताडत थांबले असणार, आणि तेवढ्यात कुणीतरी जागा मागितली असणार.

"चुप क्यों हो गईं? बोलिए, किसको बुलाऊँ?"

"सर... मैं आ ही गई हूँ."

सगळं समजावून सांगितलं, तेव्हा काकांचा चेहरा हळूहळू उजळला. मग असे हसले, असे हसले, की साहेबांना पाणी आणावं लागलं.

"साहब," डोळे पुसत काका म्हणाले, "लड़की बड़ी मेहनती है. हमको निकाला भी इसी ने, और हमारे लिए लड़ने भी यही आई!"