शेवळात काकडं टाका

रानातली कुठलीबी भाजी आणा, डोळं झाकून नाव सांगंन, अशी माझी कर्जतपासनं चौक गावापर्यंत ख्याती हाय. ती ख्याती मीच सांगत फिरतो, दुसरं कुणी नाय.

मिरगाच्या तोंडाला कर्जतला हॉलमधी रानभाज्यांचा तीन दिवसांचा मेळा भरला. वाडीतनं मला बोलावलं. वाटलं, भाज्यांचं इचारतील. दारातच मेळ्याचा साहेब म्हणाला, "शर्ट काढ. ही लंगोटी लाव. फोटोला बरं दिसतं."

काढला. वर इचारलं, "पोट आत घेऊ का साहेब?" सगळी हसली. मीबी हसलो. आत बायको शेवळांच्या जुड्या इकत बसलेली. तिनं मान खाली घातली. मी बघितलंच नाय असं केलं.

शेवळं म्हंजे रानातलं कोंब. नुसतं परतून खाल्लं तर घसा खाजतो, जीभ सुजते. म्हणून त्यात काकडं टाकायची. रानातलीच आंबट फळं. मग खाज मरते. आमच्यात शेंबड्या पोरालाबी ठावं. पण मेळ्याच्या मॅडम माइकवर म्हणाल्या, "शेवळं धुवायची, चिरायची, कांद्यावर परतायची. झाली भाजी." बोर्डावरबी तसंच लिवलेलं, शेजारच्यानं वाचून सांगितलं. मला कुठं वाचता येतं.

लंगोटीतच हात वर केला. "मॅडम, काकडं राह्यली."

"काका, हे अभ्यास करून लिहिलंय. तुम्ही टोपली धरा. हां, तशीच."

अडाण्याला समजून घ्यावं म्हणतात. मी जन्मभर शिकलेल्यांना समजून घेत आलो. म्हटलं, जाऊ दे, तिला कुणी सांगितलं नसंल. आणि दात काढलं. "बरोबर मॅडम. आमची जीभच अडाणी, शिकवलेलं ऐकत नाय." टाळ्या पडल्या. जन्मात पयल्यांदा.

भिसेगावची एक म्हातारी बायकोकडनं जुडी घेऊन माझ्याकडं आली. हळूच म्हणाली, "माझी आय काकडं टाकायची. लागतात ना रं?"

मॅडम बाजूलाच उभ्या. मी म्हटलं, "मॅडम सांगतात तसं करा आजी. मी काय, लंगोटीवाला."

घरी आल्यावर बायकोनं माझा शर्ट धुवून दोरीवर टाकला. दुसऱ्या दिवशी मी शर्ट घालूनच गेलो. हॉलात बोंब. चार-पाच घरांत घसं धरलेलं. साहेबानं माझ्या बायकोची टोपली लाथेनं उडवली. "विषारी माल विकता? रानटी लोक!" ती जमिनीवर बसून जुड्या गोळा करत व्हती. एकेक. साहेब माझ्या कानाशी आला. "माइकवर माफी माग. म्हण, भाजी खराब होती. दोन विनोद कर, लोक विसरतील. नाहीतर तुमच्या वाडीची एक बाई इथं बसणार नाही. आणि लंगोटी कुठाय?"

माइक घेतला. लोकं आधीच हसायला लागली.

"भाजी चांगली हाय," म्हटलं. "मॅडम बोलल्या ते चूक हाय. बोर्डावरचं चूक हाय. शेवळात काकडं टाका. माफी आमी मागणार नाय."

साहेबानं माइक ओढला. मी सोडला नाय. त्यानं वायर उपटली. मग नुसत्या तोंडानं वरडलो. "काकडं टाका!" आता कुणी हसत नव्हतं.

वाडीच्या बाया टोपल्या उचलून भाईर गेल्या, गेटाशी रस्त्यावर बसल्या. मी तिथंच ठरवलं. भाजी इकू ती रस्त्यावर, पण जुडीसंगं काकडं देऊ, आणि कशी रांधायची ते सांगितल्याबिगर गिऱ्हाईक सोडणार नाय. साहेब असो नायतर मॅडम. ह्यांना हसवायचं बंद. ती लंगोटी चुलीत जाणार.

तवा छाती अशी फुगली, वाटलं पुढारीच झालो. समोर भिसेगावची म्हातारी. ओठ सुजलेलं, आवाज फाटलेला. मी ऐटीत म्हटलं, "ऐकलंत ना आजी?"

म्हातारी म्हणाली, "काल मी तुलाच इचारलं व्हतं रं."