पाचवी सवाष्ण

"नवरा जिता हाय की तिचा!"

"हाय. पर कुणाचा?"

पहिला आवाज आईचा, दुसरा थोरल्या काकूंचा. स्वयंपाकघरात हशा पिकला. बाहेर हॉलमध्ये मी पाटावर मान खाली घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं आणि तेलवण खोळंबलं होतं. पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानानं नवरीला तेल लावायचं असतं. चौघी तयार होत्या. पाचवी, माझी मामी, अजून शिरोळहून निघालीच नव्हती.

तेलाची वाटी घेऊन आत्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा नवरा इचलकरंजीत दुसरीबरोबर राहतो. मी पहिलीत असताना ती आमच्याकडं परत आली. मंगळसूत्र तिनं अजून काढलेलं नाही.

मोबाइल सावरत मावसबहिणीनं विचारलं, "ताई, रीलवर टाकायचंय. तेलवणाला इंग्लिशमध्ये काय म्हणतात गं?"

"अनॉइंटिंग," मी पुटपुटले.

हा शब्द शाळेत आला तेव्हा टीचरनी फळ्यावर फोड करून सांगितलं होतं. मूळ लॅटिन, आणि अर्थ साधाच, चोपडणं. मलमाचं 'ऑइंटमेंट' त्यातूनच आलेलं. पुढं तो शब्द राजाच्या डोक्यावर आणि मरणाऱ्याच्या कपाळावर तेल लावण्यासाठी राखून ठेवला गेला. त्या रविवारी आत्या माझ्या केसांना तेल लावत होती, तेव्हा मी तिला हे ऐकवलं.

"म्हंजे मी तुला दर आयतवारी राणी करतो म्हण की!" म्हणाली, आणि टाळूवर आणखी थोडं ओतलं.

आईसोबत काकू बाहेर आल्या. "आपण कशाला भांडायचं? नवरीलाच विचारा. लगीन तिचं हाय."

आई वाटीकडं बघत राहिली. आत्यानं पान तेलात बुडवून तयार धरलं होतं, त्याच्या टोकावरून एक थेंब फरशीवर पडला.

तेल लावायला नवरा लागत नाही, हे मला कळत होतं. पण तिच्या हातून तिचं नशीब मला चिकटलं तर? असं वाटलं, अगदी क्षणभरच. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या.

"शेजारच्या वहिनींना बोलवा," मी म्हणाले.