लेकराच्या मुलखावर चाल

धुरपदा सातवीला माझ्या वर्गात होती तेव्हा भूगोलात तिला शंभरापैकी अडतीस मार्क पडले होते आणि त्यातले तीन मी दयेपोटी दिले होते. म्हणून सतरा वर्षांनी, २००४च्या जानेवारीत, ती शाळेच्या खिचडीचं पातेलं घासता घासता मला म्हणाली, "गुरुजी, मला समद्या जगाचा नकाशा शिकवा, म्हैन्याच्या आत," तेव्हा मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

निमोण्यातल्या आमच्या शाळेत ती खिचडी शिजवायची. म्हाळूआबांची थोरली लेक. म्हाळूआबांनी निम्मं आयुष्य मेंढरांमागं काढलं आणि उतारवयात शेतीला लागले. लेक दिली दौंडला. जावई कुरकुंभच्या एका कंपनीत कायम नोकरीला होता. आठ वर्षं संसार झाल्यावर जावयाला शोध लागला की ही बायको आपल्याला शोभत नाही. असे शोध माणसाला पगार वाढल्यावरच का लागतात, हे मला कुणी सांगितलेलं नाही. काडीमोड झाला. मुलगा सुरज वडलांकडं गेला, कारण तिकडं इंग्रजी शाळा होती, पक्कं घर होतं. आईला मिळाला दर महिन्याचा दुसरा शनिवार, अकरा ते दोन, दौंडात तिच्या आत्याच्या म्हणजे आक्काबाईंच्या घरी. महिन्यातून तीन तास. एवढं आईपण कोर्टानं तिला मोजून दिलं होतं.

ते तीन तासही जड जात होते. सुरज दहा वर्षांचा. तो यायचा, पलंगाच्या कडेला बसायचा आणि घड्याळाकडं बघायचा. धुरपदा लाडू पुढं करायची, तो म्हणायचा, "पोट भरलंय." शाळेचं विचारलं की, "चांगली चाललीय." मग वडलांनी कोर्टात अर्ज टाकला, की मुलाला आईकडं जायचंच नाही, उगाच त्याच्यावर जबरदस्ती होते. जज्जसाहेब म्हणाले, जूनमध्ये मी मुलालाच विचारतो. पोरगं 'नाही' म्हणालं की ते तीन तास गेले, आणि मग लेकराचं तोंड दिसणार ते लांबून, शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून.

अशात जानेवारीच्या भेटीला सुरजनं एक मोठा खोका आणला. आत पुठ्ठ्यावर जगाचा नकाशा, फासे, रंगीत प्लास्टिकची फौज. देश घेत घेत अख्खं जग जिंकायचं. "तुला येतो हा खेळ?" त्यानं विचारलं. स्वतःहून त्यानं आईला काही विचारायची वर्षभरातली ती पहिली वेळ.

"येतो की!" धुरपदानं ठोकून दिलं. "म्होरल्या वेळी खेळू. आज आत्याला बरं न्हाई." आक्काबाई तिथंच ठणठणीत बसून शेंगा फोडत होत्या. नियमांचं पुस्तक मात्र धुरपदानं हळूच पिशवीत घातलं.

ते इंग्रजी पुस्तक घेऊन ती माझ्याकडं आली होती. मी डिक्शनरी काढली. शाळा सुटल्यावर, पातेली घासून झाली की, शाळेच्या स्वयंपाकखोलीत आमचा वर्ग भरायचा. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी तो नकाशा काढला. काढताना माझं डोकं फिरलं. युक्रेननं निम्मा रशिया गिळलेला, न्यूझीलंडचा पत्ताच नाही. "अशानं पोरं नापास होतील," मी म्हणालो. धुरपदा म्हणाली, "गुरुजी, नकाशाला मार्क नंतर द्या. ह्यो अलास्का कुठं, त्ये सांगा." हरभरे तिची फौज, वाटाणे माझी. फासे मुलांच्या सापशिडीतले.

तिला देशांची नावं आठ दिवसांत पाठ झाली. कामचाट्का हे नाव ती चटणी वाटल्यासारखं म्हणायची. पण खेळ येईना. मी एखाद्या देशावर चाल केली की ती उरलेले हरभरे उचलायची आणि शेजारच्या देशात सरकायची.

"अगं, लढ की!"

"भांडान कशाला? म्होरल्या रानात जावं."

तिच्या सात पिढ्यांनी हेच केलं होतं. शेतकरी अंगावर आला की वाद न घालता मेंढरं पुढच्या शिवारात न्यायची. खेळात मात्र पुढचं शिवार नसतं, आणि हे तिला पटवता पटवता माझा घसा बसला. शेवटी, लेकीला न्यायला आलेले आणि पलीकडं बसून बघणारे म्हाळूआबाच पुढं सरकले. त्यांनी नकाशावरल्या चार देशांच्या ऑस्ट्रेलियावर बोट ठेवलं.

"ह्याला आत यायला येकच तोंड हाय. रातीला मेंढरं वाघरीच्या जाळीत कोंडतो, तसं. तोंडावर समदी मानसं लाव. आत येकेक पुरं."

जो डावपेच समजायला मला तीन संध्याकाळी लागल्या, तो आबांनी बिडी न विझवता सांगितला.

फेब्रुवारीत मायलेक खेळले. दोन वाजले तरी डाव संपेना. बाहेर वडलांच्या मोटारसायकलचा हॉर्न वाजला तसा सुरज उठला आणि दारातून म्हणाला, "आई, कुणाला हलवू देऊ नकोस हां." धुरपदानं तो नकाशा खालच्या फळीसकट आत्याच्या पलंगाखाली सरकवला, वरून परात झाकली. मार्चमध्ये सुरज आल्या आल्या पलंगाखाली वाकला.

इथं तिला ती गोष्ट सुचली. संपलेला डाव पोराला घरी नेतो, न संपलेला परत आणतो. मग संपवायचाच कशाला? तिनं ऑस्ट्रेलियाच्या तोंडावर फौज लावली आणि बसून राहिली. हरायचं नाही, जिंकायचं तर नाहीच. आणि मी, तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणारा माणूस, तिला यात मदत करत होतो. पलंगाखालचा डाव आम्ही हरभऱ्या-वाटाण्यांनी शाळेत मांडून ठेवायचो आणि तो कसा लांबवायचा याची उजळणी करायचो. जूनपर्यंत ओढला की झालं, असं आमचं गणित.

मेच्या भेटीत ते फसलं. सुरजनं फासे हातात धरून आईकडं बघितलं.

"चार महिने झाले, तू माझ्यावर एकदासुद्धा चाल केली नाहीस."

"माजं फासं वाईट पडत्यात रं."

"तू फासे टाकतच नाहीस! तू मुद्दाम खोटं खेळतेस. मी काय बाळ आहे?" त्यानं फळीला लाथ मारली. फौजा पलंगाखाली, मोरीत, सगळीकडं उडाल्या. उरलेला दीड तास तो आक्काबाईंच्या ओट्यावर पाठ फिरवून बसला.

धुरपदा सोमवारी शाळेत आली ती एकदम कोरड्या डोळ्यांनी. शाळेला सुट्टी होती, खिचडी नव्हती, मी एकटाच निकालाची कामं उरकत होतो, तरी ती आली, म्हाळूआबांना घेऊन. "आता येकच शनवार उरला, गुरुजी. मग कोर्ट. त्यो न्हाई म्हननार. त्याच्या डोळ्यात बघितलं म्या."

"मग या वेळी खरं खेळ."

"लेकराच्या मुलखावर चाल करू? त्याला वर्सभर जवळ घ्याया मिळालं न्हाई, आन् आता हानू त्याला?"

माझा पारा चढला. "मग बस लाडू घेऊन!" मी ओरडलो. बोललो आणि जीभ चावली. तेव्हा म्हाळूआबा सावकाश म्हणाले, "धुरपे, तू त्याच्या मागं पळतीयास. पळत्या कोकराच्या मागं म्या कवा पळालोय का? त्ये अजून लांब जातं." मग आम्ही दोघांनी मिळून महिनाभर तिला खेळायला शिकवलं, या वेळी खरं. मी चाल करायचो आणि ती हरभरे घेऊन सरकू लागली की आबा तिचा हात धरून ठेवायचे.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी मी तिच्याबरोबर दौंडला गेलो. घरी मला राहवलंच नसतं. आक्काबाईंच्या ओट्यावर, दारातून आतलं दिसेल असा, पेपर तोंडापुढं धरून बसलो, एक ओळ वाचली नाही. नवा डाव मांडला. धुरपदानं पहिल्याच फेरीत ऑस्ट्रेलियाच्या तोंडाबाहेरचा सयाम घेतला. सुरज हसला, "अरे वा!" मग तिनं भारत घेतला, चीन घेतला. सुरज सरसावून बसला. तो चांगला खेळत होता, जोरात खेळत होता, आणि ती त्याच्यापेक्षा जोरात खेळत होती. प्रत्येक देश घेताना तिचा ओठ दातांखाली जात होता. बाराच्या सुमारास आशिया तिचा झाला. दीडला युरोप गेला. पोराचे कान लाल झाले. पावणेदोनला त्याच्याकडं राहिला एकटा मादागास्कर आणि त्यात एक सैनिक.

धुरपदाच्या मुठीत फासे होते. मूठ उघडेना. तिनं दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली; मला काय कळत होतं?

"टाक ना," सुरज म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्यानं ते पुसलं नाही. "टाक!"

तिनं टाकले. मादागास्कर गेला.

हॉर्न वाजला तसा चप्पल अर्धी पायात घालून सुरज धावत गेला, मोटारसायकलवर वडलांच्या पाठीत तोंड खुपसून बसला. आईकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. खोका तिथंच राहिला. धुरपदा एकेक सैनिक उचलून त्यात ठेवत होती. "काय केलं म्या हे, गुरुजी? रडवून धाडलं. समदं माज्या हातानं केलं." मनातून मीही स्वतःला शिव्याच देत होतो.

पुढच्या गुरुवारी कोर्ट. साहेबांनी सुरजला आत नेलं. आबा, धुरपदा आणि मी बाहेर व्हरांड्यात. अर्ध्या तासानं धुरपदाच्या वकील प्रतिभाताई बाहेर आल्या. हुकूम झाला होता. भेटी चालू राहणार.

"साहेबांनी लिहूनच घेतलं," प्रतिभाताई म्हणाल्या. "त्यांनी विचारलं, आईकडं जायला आवडतं का? पोरगा म्हणाला, नाही आवडत. मग साहेब म्हणाले, म्हणजे बंद करू? तर हा म्हणाला, नाही, मला जायचंय. तिनं मला हरवलंय. मी जिंकेपर्यंत जाणार."

म्हाळूआबांनी पटक्याच्या टोकानं डोळे टिपले. मी तर प्रतिभाताईंचा हातच हातात घेऊन हलवत सुटलो. धुरपदा मात्र जागची हलली नाही.

"जिंकंपर्यंत म्हनला?"

"हो ना!" प्रतिभाताई हसत होत्या.

"त्यो हुशार हाय, गुरुजी. वर्सभरात जिंकंल." ती पायरीवर टेकली. "मंजी मला आता येकदाबी हरून चालायचं न्हाई. कवाच न्हाई." आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, ती हमसून हमसून रडायला लागली.