तीस म्हणजे बत्तीस

आमच्या घाटंजीच्या भाऊजींनी आजवर जगातल्या एकाही आकड्यावर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवलेला नाही, आणि एकाही खुर्चीवर ते चहा संपेपर्यंत बसलेले नाहीत. उभी हयात जिनिंगच्या वजनकाट्यावर गेली. कापसाच्या गाड्या काट्यावर चढायच्या, उतरायच्या, आणि भाऊजी काट्याकडे असे संशयानं पाहायचे, जणू तो कुणाला न सांगता कुठं जाऊन आलाय. निवृत्त झाल्यावर काटा सुटला, संशय तेवढा सोबत आला. माझ्या ताईला ताप आला की घरात तीन थर्मामीटर लागतात. ती तापानं कमी आणि तोंड उघडून उघडून जास्त थकते. स्वतःच्या लग्नात मुहूर्त नेमका साधायचा म्हणून या गृहस्थानं पाच पाहुण्यांची मनगटं शेजारी शेजारी धरायला लावली होती. तोवर ताई हार घेऊन उभी! मी तेव्हा लहान होतो, पण तिचा तो चेहरा मला अजून आठवतो.

पण ही सगळी नुसती रंगीत तालीम होती. खरा प्रयोग गेल्या उन्हाळ्यात झाला. माझी भाची गुरांची डॉक्टर झाली आणि तिची नेमणूक मुकुटबनला निघाली. सोमवारी हजर व्हायचं, घरची जुनी गाडी घेऊन एकटीनं जायचं, तिथंच राहायचं आणि गावोगाव फिरायचं. भाऊजी 'जाऊ नको' म्हणाले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "हवेचं खरं मीटर भेटल्याबिगर गाडी जागची हालणार नाही."

"बाबा, सोमवारी मले हजर व्हायचं हाये, मीटरले नाही."

"टायर फुटला तं मीटरच आठवन तुले!"

झालं. घरात मीटरं येऊ लागली. एक पेनासारखं, दांडी बाहेर येणारं. एक घड्याळासारखं, काट्याचं. एक आकडे चमकवणारं डिजिटल. आणि पंक्चरवाल्याकडून मागून आणलेलं एक पोचे पडलेलं पितळी. एकाच टायरला चारही लावली तर चौघांचे चार आकडे. भाऊजी गाडीभोवती प्रदक्षिणा घालू लागले. उन्हाकडच्या टायरात हवा दोननं जास्त दिसते असा शोध लागला, तेव्हा टायरांवर ओली पोती चढली. ताई ओट्यावरून म्हणाली, "टरबुजं पिकवून राह्यले का हो?"

मग पुढचा शोध लागला. गाडी चालवली की टायर तापतो, आणि तापलेल्या टायराचा आकडा खरा नसतो. आता पंपावरच्या मीटरवर पडताळा घ्यायचा, तर पेट्रोल पंप घरापासून चांगला लांब. तेव्हा शुक्रवारी सकाळी भाची स्टिअरिंगवर, मी आणि शेजारचे गुरुजी मागून ढकलतोय, आणि भाऊजी पुढं धावत जाऊन टायरांना हात लावून पाहतायत, असा आमचा मोर्चा भर बाजारातून निघाला. पंपावरचा माणूस लगबगीनं सामोरा आला.

"काका, गाडी बंद पडली का?"

"नाही, फस्टक्लास चालू हाये."

"मंग ढकलून कायले आणली?"

"टायर थंडे राह्यले पाह्यजेत," भाऊजी म्हणाले.

गुरुजी घाम पुसत म्हणाले, "आमी तापलो तं चालते ह्यायले."

पंपावरच्या मीटरनं पाचवा आकडा सांगितला.

रविवार उजाडला. उद्या पोरगी हजर व्हायची आणि खरं मीटर अजून सापडायचं होतं. भाऊजींनी सगळी मीटरं पिशवीत घातली आणि आम्ही यवतमाळ गाठलं. तिथल्या टायरच्या मोठ्या दुकानात नुकतंच तपासून आलेलं मीटर होतं. त्यानं तिथल्याच एका टायरात गाडीला लागते तेवढी, म्हणजे बत्तीस, हवा करायची आणि आपलं एकेक मीटर लावून पाहायचं. थोडी हवा निसटली की पुन्हा बत्तीस करायची, पुन्हा लावायचं. प्रत्येकी दहा वेळा! दुकानदार आधी हसला, मग दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला, मग घरी जाऊन जेवून आला. पेनवाल्याची दांडी अर्ध्यात अडकायची. घड्याळवाल्याला टिचकी मारल्याशिवाय काटा हलेना. डिजिटल एकदा बत्तीस म्हणे, लगेच चौतीस, मग एकतीस. आणि ते पोचे पडलेलं पितळी दहाच्या दहा वेळा म्हणालं, तीस. मी ते परत पिशवीत टाकायला लागलो तर भाऊजींनी माझा हात धरला.

"थांबा साळेबुवा. हेच घ्याचं."

"अहो, हे तर धडधडीत खोटं बोलतंय!"

"पण रोज एकच खोटं बोलते ना? मंग त्याच्यावर भरवसा ठेवता येते. आपण दोन मिळवाचे, झालं. ह्या डिजिटलचं पाहा, कधी खरं बोलते, कधी खोटं. कोन्त्या दिवशी काय, तुमाले कसं समजन?"

सोमवारी सकाळी त्यांनी ते मीटर रुमालात गुंडाळलं, वरून सुतळी बांधली, आपली खास दुहेरी गाठ मारली आणि गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवलं. "रोज गाडी काढाच्या आंधी हवा पाय. अन् मले फोन कर." भाची गेली. त्या दिवशी भाऊजींनी येरझाऱ्या घालून फाटक आणि ओटा यांच्यामधली माती पार गुळगुळीत केली.

तेव्हापासून रोज सकाळी सातला फोन येतो. "बाबा, तीस." "म्हंजे बत्तीस. जाय." एवढंच बोलणं. आणि मग भाऊजी खुर्चीवर बसतात. चक्क चहा संपेपर्यंत! मी स्वतः पाहिलंय.

दिवाळीत भाची आली. गाडी पुसताना मला कप्प्यात ते पुडकं सापडलं. सुतळी तशीच, दुहेरी गाठही तशीच. भाचीनं जीभ चावली. "मामा, सांगू नोका हं! दर रविवारी तिथल्या पंक्चरवाल्याकडून पाहून घेते मी." मी वचन दिलं आणि अर्ध्या तासात मोडलं, एवढी गंमत माझ्या पोटात राहत नाही. अंगणात येरझाऱ्या घालणाऱ्या भाऊजींसमोर मी ते पुडकं धरलं.

ते थांबले. गाठीवरून अंगठा फिरवला. "मले मालूम हाये," म्हणाले. "पहिल्याच हप्त्यात समजलं. टायरची हवा रोज सारखी राह्यते का कुठं?"

"मग रोज विचारता कशाला?"

"पोरगी रोज तीसच म्हणते, साळेबुवा. ज्या दिवशी एकोणतीस म्हणन, त्या दिवशी मी पहिल्या एसटीनं मुकुटबनले निघीन."

मग त्यांनी ते पुडकं माझ्या हातातून घेतलं, गाडीत होतं तसंच ठेवलं, आणि आवाज होऊ न देता कप्पा लावला.