पांढऱ्या साड्यांची कमान

कांता ही मंडपवाल्या भगवानची मुलगी. बाप गेला आणि त्याचे बांबू, वासे, काथ्याच्या गुंड्या सगळं तिच्या गळ्यात पडलं. बाईमाणूस वर चढणार का, असं विचारणाऱ्यांशी ती वाद घालत बसली नाही. साडीचा काष्टा मारला आणि चढली. डोंबिवली पूर्वेला, कारखान्यांच्या पाठीला लागून असलेल्या पंचशील चाळीत आंबेडकर जयंतीची कमान मग दरवर्षी तीच बांधायला लागली. जिभेने फटकळ होती, त्यामुळे तिच्या कामात नाक खुपसायची कुणाची टाप नव्हती.

शहाण्णव साली तिचं डोकं फिरलं ते आईपायी. आई, मीराबाई, मिरवणुकीच्या पुढे चालत भीमगीतं म्हणायची, आणि आवाज असा खणखणीत की माइक लागायचाच नाही. त्या थंडीत तिला एक कडवं पुरं होईना. दोन ओळी म्हटल्या की छातीला हात लावून खाली बसायची. चाळीतल्या बायका तक्रार घेऊन नगरसेवकाकडे गेल्या, तर तो चहा पीत म्हणाला, "कंपनीच्या धुराचं काय घेऊन बसलात बाई? तुम्ही घरोघरी चुली पेटवता, हा सगळा तुमच्याच चुलींचा धूर."

कांता तिथून तणतणत निघाली. आईचं गाणं गेलं होतं हो, आणि हा शहाणा चुलीवर ढकलून मोकळा झाला होता. घरी येईपर्यंत तिचं ठरलं. यंदा कमानीला थर्माकोल नाही, झिरमिळ्या नाहीत. जयंतीला नेसायच्या पांढऱ्या साड्या घरटी एक घ्यायच्या आणि आत्तापासूनच कमानीवर ताणायच्या. हवेत काय आहे ते साड्याच सांगतील, आणि जयंतीचा पाहुणा म्हणून त्याच नगरसेवकाला त्यांच्याखालून आणायचं.

जयंती कमिटीचा सहदेव हे ऐकून चरकला. "अगं, बाबासाहेबांचा फोटो त्याच कमानीखालून जाणार. लोक काय म्हणतील?"

"भाऊ, लोक खोकतायत. त्यांना म्हणायला दम कुठे उरलाय?"

साड्या चढल्या. आधी बारीक काळे ठिपके आले, मग पिवळट डाग, मग पदर पार राखेच्या रंगाचे झाले. येणारे-जाणारे मान वर करून बघायचे आणि कांताला आतून बरं वाटायचं.

जयंतीच्या सकाळी ती लाइटच्या माळा आणायला कल्याणला गेली. दुपारी परत येऊन बघते तर कमानीवर नुसते बांबू. नळावर बायकांचा घोळका, हात कोपरापर्यंत साबणात, आणि शेजारची शीला शेवटच्या साडीला नीळ देत होती.

"शीले, सगळ्या मेहनतीवर पाणी ओतलंस तू," कांता ओरडली. "कुणी सांगितलेला हा शहाणपणा?"

शीला उठून उभी राहिली. तीही काही कमी नव्हती. "माझ्या आजीला गावात धुतलेलं नेसायची चोरी होती. आज तो फोटो मी काळ्या पदराखालून जाऊ देणार नाही. तू कितीपण बोल."

कांताची स्वतःची आजी काही वेगळ्या गावची नव्हती. ती नळाच्या कट्ट्यावर बसून राहिली, आणि रडू येईल म्हणून तिने कुणाकडे बघितलं नाही. मग एकदम उठली.

"पिळू नका. ओल्याच द्या इकडे."

"आता स्वच्छ आहेत. त्याला काय दाखवणार?" शीलाने विचारलं.

"तुझं धुणं."

तिने ओल्या साड्या भराभर ताणल्या. त्या दिवशी चाळीत चूल पेटलीच नव्हती. सगळ्यांचं जेवण कल्याणहून टेम्पोने आलेलं. कंपनीला मात्र जयंतीची सुट्टी नव्हती, तिचं धुराडं सकाळपासून चालू होतं.

संध्याकाळी मिरवणूक कमानीपाशी आली. नगरसेवक हार घेऊन पुढे झाला. शीलाने सवयीने वर बघितलं आणि ती जागीच थांबली. दुपारी नीळ दिलेली तिची साडी सुकली होती आणि काळ्या ठिपक्यांनी भरली होती. ओल्या कापडाला काजळी जास्तच चिकटली होती. शीलाचा चेहरा रागाने लाल झाला. फोटो घेतलेल्या पोरांना तिने हाताने मागेच थोपवलं.

मीराबाईने गाणं उचललं. पहिली ओळ झाली, दुसरी अर्ध्यावर तुटली. ती कमानीखालीच बसली. पुढची ओळ चाळीत लहान पोरांनाही पाठ होती आणि बायकांनी तोंडं उघडलीही, पण कांताने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ढोलकी बंद झाली. नगरसेवकाला हातात हार धरून म्हातारीची धाप ऐकत उभं राहावं लागलं. तो चुळबुळ करत म्हणाला, "चला, पुढे घ्या मिरवणूक." कुणी हललं नाही.

शीलाने कमानीवरून आपल्या साडीचा पदर खाली ओढला आणि त्याच्यासमोर धरला.

"ही आज दुपारी धुतलीय मी," ती म्हणाली. "आता सांगा, कुणाच्या चुलीचा धूर?"