स्कार्फची गाठ

आमच्या शाळेच्या कब-बुलबुल पथकात, म्हणजे छोट्यांच्या स्काउट-गाइडमध्ये, एक रीत आहे. सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायची आणि दिवसातले एक सत्कृत्य हातून घडले, की मगच ती सोडायची. सात-आठ वर्षांच्या मुलांना ही रीत मीच शिकवतो. आणि शिकवताना दर वेळी मनातून थोडा संकोचतो.

गेल्या वर्षी दिवाळीआधी आम्ही मुलांना कसबा बावड्याहून गगनबावड्याला नेले. दिवसभर धुके डोंगरावरून येत होते, जात होते. मुले त्यात विरघळत आणि पुन्हा हसत बाहेर येत. दुपारपर्यंत सर्वांच्या गाठी सुटल्या. कोणी पाणी वाटले, कोणी पत्रावळी गोळा केल्या. एका मुलीची तेवढी राहिली. ती कामाला धावे, तोवर ते दुसऱ्याने उरकलेले असे.

"अगं, एखाद्या मुंगीला तरी वाट दाखव की!" एक मुलगा ओरडला.

"तू गप रं, माकडा," ती म्हणाली. पण डोळे भरून आले होते. गाठीसकट घरी जायचे, हे तिला सोसवत नव्हते.

मला राहवले नाही. चष्मा हळूच खिशात घातला आणि म्हणालो, "बाळ, माझा चष्मा कुठे पडला, बघतेस का?"

"सर, खिशात हाय की तुमच्या. तुम्हीच ठेवलासा. मी बघितलं."

आणि गाठ मुठीत धरून ती निघून गेली. सत्कृत्य शिकवणाऱ्याने एक खोटे सत्कृत्य रचले होते. तिने ते घेतले नाही.

संध्याकाळी बसकडे उतरताना धुके एवढे दाटले, की सोबत आलेल्या बाईंबरोबर पुढे गेलेली मुले नुसत्या आवाजांची उरली. शेवाळलेल्या उतारावर माझा पाय घसरला. पडलो नाही, पण दुखऱ्या गुडघ्याने पुढचे पाऊल उचलेना. आवाज दूर जात होते. हाक मारायची मला लाज वाटली.

ती माझ्याच मागे रेंगाळत होती, हे मला ठाऊक नव्हते. तिने माझा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. "हळू, सर. हितं निसरडं हाय. माझ्या मागनं या."

त्या पांढऱ्या पोकळीत मी एका इवल्या खांद्याच्या भरवशावर उतरत राहिलो. बसच्या दिव्यांपाशी ती थांबली. बोटे गाठीवर होती, पण सोडत नव्हती.

"सर, ह्ये खरं हुतं न्हवं?"

"खरं होतं, बाळ."

माझा गुडघा अजून थरथरत होता. तिने त्याच्याकडे एकदा निरखून पाहिले, आणि मग दातांनी ओढून ओली गाठ सोडली.