डंकनसाहेबांच्या पाइनांची विरळणी

विषय : ग्लासगोबाहेरील श्री. डंकन यांच्या पाइनच्या रानातील दाटी कमी करण्यासाठी झाडतोडीची परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : श्री. डंकन यांचा २००५ सालचा अर्ज. मसुदा अस्मादिकांचा.

सवय जात नाही हो! उभा जन्म पुण्याच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी केली. किश्शांचंही फायलीसारखंच असतं. एक कागद लावला की त्याला दुसरा चिकटतो, आणि शेवटी दोरी पुरत नाही.

निवृत्तीनंतर लेकीकडे ग्लासगोला आलो. शेजारी डंकनसाहेब, वय ऐंशी. घरामागे पाइनचं रान, नवराबायकोनं स्वतः लावलेलं. मार्गारेटबाई आता नव्हत्या. झाडं इतकी दाट, की नुसत्या काठ्या उंच गेलेल्या. वनतज्ज्ञानं सांगितलं होतं, "तीनातलं एक झाड काढा, मग उरलेल्यांना खत द्या. नाहीतर मोठ्या वादळात सगळं रान आडवं होईल."

डंकनसाहेबांनी कुंपणावरून विचारलं, "मिस्टर लेले, तुम्ही क्लार्क होता ना? फॉर्म भरता येतो?"

निवृत्तीनंतर इतक्या आदरानं मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी सपातांवरच गेलो!

*

मदतीला मराठी मंडळातला साठे आला. सॉफ्टवेअरवाला, उत्साही. त्यानं पहिल्याच वीकेंडला खताची पोती आणून सगळ्या रानात रिकामी केली.

"अरे, आधी झाडं काढायची होती!"

"काका, पॅरललमध्ये करू ना!"

तज्ज्ञ आला, रिकामी पोती बघून डोक्याला हात लावला. पंगतीत जागा नाही म्हणून माणसं उठवायची, तर यानं सगळ्यांना आग्रह करून वाढलं होतं.

*

मग खत नक्की कुठलं कमी, हे कळायला पाइनची पानं लॅबला पाठवायची ठरली. साठेनं घरातला रिकामा डबा शोधला आणि पानं भरून पोस्ट केली.

लॅबचं पत्र आलं : मीठ प्रमाणाबाहेर आहे. रान समुद्राला लागून आहे काय?

डबा लिंबाच्या लोणच्याचा होता!

*

काढायच्या झाडांना फिती बांधायला मंडळातली वीस माणसं आली. प्रत्येकाला एक रांग. संध्याकाळी साठेवहिनी फितीचं अख्खं रीळ घेऊन परत.

"वहिनी, एकही नाही?"

"कुणाला काढू हो? सगळी कशी चांगल्या घरातली वाटतात!"

बाकीच्यांनी फिती बांधल्या होत्या, पण शेजारच्याच्या रांगेत. मला बदल्यांची यादी आठवली. बदल्या व्हायला हव्यात, हे कचेरीत सर्वांना मान्य असायचं.

शेवटी तज्ज्ञानंच फिती बांधल्या. सर्वांत जास्त फाटकाजवळच्या रांगेत. ती मार्गारेटबाईंनी लावलेली. मोजपट्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. दोन झाडांत हातभर अंतर.

*

त्या हिवाळ्यात वारा सुटला आणि एका दिवसात अकरा झाडं पडली. डंकनसाहेब खिडकीतून मोजत होते. बारावं हलायला लागलं तेव्हा म्हणाले, "लेले, अर्ज पाठवा. मला हे रान उभं राहिलेलं बघायचंय."

अर्ज गेला. नियमाप्रमाणे तो जाहीर झाला आणि हरकती मागवल्या गेल्या. मी निर्धास्त होतो. आसपास वस्ती म्हणजे आम्ही आणि मेंढ्या.

आठवड्याभरानं डंकनसाहेब दारात. टोपी हातात.

"लेले, एक पत्र लिहून द्याल? फाटकाजवळची रांग तोडण्याला एकाची हरकत आहे."

"कुणाची?"

"माझी."

"अहो, पण अर्ज तुमचाच आहे!"

"हो. अर्ज बरोबरच आहे. पण हरकतही बरोबर आहे."

मी बसलो लिहायला. उभ्या नोकरीत असा कागद हातून गेला नव्हता. खरं सांगतो, अर्जापेक्षा हरकतीचा मसुदा सरस उतरला.

महिन्याभरानं वनखात्याच्या कचेरीचं उत्तर आलं. भाषा वाचून मला माहेरी आल्यासारखं वाटलं : 'अर्जदाराने हरकतदाराची समक्ष भेट घेऊन, परस्पर संमतीने तोडगा काढावा व तसे कळवावे.'

मी पत्र वाचून दाखवलं. डंकनसाहेबांनी मान डोलावली, थर्मास भरून घेतला आणि फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसले.

तासाभरानं मी खिडकी उघडून विचारलं, "काय ठरलं?"

"अजून बोलणी चालू आहेत," ते म्हणाले. "मार्गारेट ऐकत नाही."

अर्ज प्रलंबित आहे.